पत्रं आणि पत्रा

होळीसायेब इंग्लंडात शर्यती मारायचा
आणि त्याचा हिशेब आमच्या आबानं
तिसऱ्या गेटजवळच्या गॅरेजात
एका पत्र्यावर ठेवला होता.

खरं नाव एडविन हॉलिस.
लढाईच्या काळात सांबऱ्याच्या धावपट्टीवर
लॉरीवाल्यांचा लेफ्टनंट.
विमानं नसली की रात्री जीप काढायचा.
शेजारी आबा, वय सोळा, मांडीवर पान्यांची पिशवी,
आणि सगळं सांबरा झोपलेलं असताना
दिवे न लावता पट्टीच्या टोकापर्यंत.
टोकाला जोंधळा.
"वळण दिसत न्हवतं बघ," आबा सांगायचा,
"त्येच्या पायावरनं समजायचं."

मग तो गेला. सगळेच गेले.

एक्कावन साली पहिलं पत्र.
तिकडंही म्हणे लढाई सरली, धावपट्ट्या ओस पडल्या,
आता त्यांच्यावर रविवारी गाड्या पळवतात.
कॅम्पातला फर्नांडिस मास्तर वाचून दाखवी,
आबा आकड्यांचे पंच आणि हातोडी घेऊन बसे.
९.
६.
पुढं दोनदा आकडा नाही, नुसती फुली:
गाडी मध्येच बंद.
बाकी काय नको, आबा म्हणाला,
तुटलं काय तेवढं इचारा.

बिग एंडचं बेअरिंग. दोन्ही वेळा.

त्या रात्री आबानं मास्तराला
दोन वाजेपर्यंत झोपू दिलं नाही.
व्हाइट मेटल किती तापवायची,
सुकी काडी बुडवून बघायची,
करपली पाहिजे, पेटता कामा नये,
ओतताना वारं लागू द्यायचं नाही,
आणि घाई करू नगा, सायेब.
हे शेवटचं मास्तरानं इंग्रजीत कसं घातलं
देव जाणे.

उत्तरात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.
हवा, पाऊस, बहिणीचं लग्न,
आणि अगदी तळाशी:
दुसरा आलो. बेअरिंग टिकलं.

आबानं दोनाचा आकडा असा ठोकला
की पत्रा आरपार.

सत्तावनचं पत्र उशिरा आलं.
पत्त्यातलं मुंबई राज्य कुणीतरी खोडून
लाल पेन्सिलीनं म्हैसूर केलेलं.
आत लिहिलं होतं, येत्या रविवारी मोठी शर्यत.
तो रविवार होऊन सात आठवडे उलटले होते.
आबानं तरीही येत्या रविवारी
गॅरेज उघडलं नाही.
त्या शर्यतीचं पुढं काही कळलं नाही.
पत्र्यावर तिथं बोटभर जागा कोरी आहे.

शेवटचं पत्र बहिणीचं.
एडविननं सोडलं. पेट्रोल पंप टाकलाय.
उजव्या कानानं ऐकू येत नाही,
गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस आखडू आहे.
"आयकू येत न्हाई?" आबा दोनदा म्हणाला.
"मग इंजिन कसं कळतंय त्येला?"

गॅरेजची पाटी तेव्हापासून तीनदा रंगवली,
वरची अक्षरं खाली गेली, खालची वर.
पत्रा मी छपराला ठोकलाय, गळत होतं तिथं.
साडेचारच्या सुमाराला
दोनाच्या भोकातून ऊन उतरतं,
पिटच्या काठावरून, जॅकवरून,
माझ्या पायांवरून
सावकाश
भिंतीपर्यंत जातं.

पोरं म्हणतात, अक्का, डांबर लावून बुजवू या.
पावसाळ्यात बुजवते.
दिवाळीला खरवडून काढते.