काखेतलं दूध

दोरी काढायला तीन दिवस लागले.
नायलॉनची, हिरवी,
आमच्याच धक्क्यावरच्या दुकानात मीटरवर मिळते ती.
पिल्लाच्या उजव्या पराच्या मुळाशी इतकी रुतलेली
की डॉक्टर एलियेझेर चिमटा खाली ठेवून
जरा वेळ नदीकडे बघत बसला.

वजन सोळा किलो. आई नाही.
आईचं काय झालं, आमच्या गावात कुणी विचारत नाही.
त्या आठवड्यात बाजारात मांस स्वस्त होतं.

मी ओझेनिल्दा.
सरोवरावर तरंगणाऱ्या लाकडी कुंपणाची राखणदार.
माझा बाप भाला फेकायचा.
श्वासाला वर आलेली नाकपुडी
काळोखात नुसत्या आवाजावरून ओळखायचा,
आणि मग लाकडाच्या दोन खुंट्या,
एकेका नाकपुडीत एकेक.
त्या खुंट्या मी तासून द्यायचे.
सात वर्षांची होते. हात चांगला चालायचा माझा.

मासा-बैल म्हणतो आम्ही ह्याला.
मासा नाही, बैलही नाही,
आणि मादीचं दूध असतं काखेत.
म्हणून पिल्लू बाटली सोडून
माझ्या काखेत तोंड खुपसायचं.
राठ मिशा, ओला उच्छ्वास,
आणि मी, चार लेकरं वाढवून मोकळी झालेली,
छातीभर काळ्या पाण्यात उभी.
काय सांगणार त्याला?

एलियेझेर म्हणाला, बोलू नकोस त्याच्याशी.
नाव ठेवू नकोस.
माणसाचा आवाज ओळखीचा झाला
तर उद्या होडी दिसली की आपणहून जवळ जाईल,
आणि होडीत कोण असतं ते तुला ठाऊक आहे.

मग बाटली पाण्याखाली, काठीला बांधून.
तोंड मिटून दोन वर्षं.
इतकी सवय झाली की घरात सून विचारायची,
माझं काही चुकलं का?
नाव मात्र ठेवलंच मी. पोटात.

मे महिन्यात पाणी चढलं,
झाडं गळ्यापर्यंत बुडाली,
शेपटीला पट्टा बांधला, कुंपणाच्या फळ्या काढल्या.
अख्खी सकाळ ते उंबऱ्यातच.
बाहेर एवढं गवत, एवढं जंगल,
आणि हे माझ्या सावलीखाली.

तेव्हा छपरातून बापाचा भाला काढला मी.
टोक काढलं. दांडा उचलला
आणि त्याच्या अगदी अंगाशी, पाण्यात, जोरात,
एकदा,
दुसऱ्यांदा.
तिसऱ्यांदा गरज पडली नाही.

पट्टा अकरा महिन्यांनी चिखलात सापडला.
तो आपोआप सुटायचाच असतो, एलियेझेर म्हणतो.
कडी नीट तपासली मी. काही कळलं नाही.

कधी रात्री घरी परतताना
काळोखात कुठेतरी नाकपुडी उघडते, मिटते.
मी वल्हं वर धरते, थेंब पडू देत नाही.
तेच की दुसरं, आवाजावरून कळतं मला.
बापाचा कान आहे.
सुनेलासुद्धा सांगत नाही.