दुसऱ्याचा नवस

पौषी पुनवेला पहाटे साडेतीनला
उद्यमनगरात फक्त कुत्री जागी.
लेथचं शटर एकदा ओढून बघितलं.
कुलूप होतं. मग निघालो.

हौसाक्काच्या गुडघ्यात आता स्टील आहे,
म्हणून तिचा नवस माझ्या पायात.
"कसला नवस?" विचारलं तर म्हणाली,
"तुला काय करायचंय? वाडीपर्यंत चालत जा,
पाया पड, आणि ये."

मुडशिंगीपर्यंत अंधारच.
सोबतीला रावसो तिबिले, बँकेतून रिटायर,
ही बारावी खेप, पायात मुलाचे बूट.
मोजे उलटे घाल, म्हणाला,
आणि उताराला घाई करू नकोस.
या रस्त्याला उतार कुठाय?
"येतो. दुपारनंतर सपाटीलासुद्धा येतो."

वसगड्याला उजाडलं.
उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या,
स्पीकरचा ठोका आधी पोटात, मग कानात.
आम्ही चाकोरी सोडून गवतात उतरायचो,
धूळ बसली की परत वर.

कोडोलीच्या अलीकडं गुऱ्हाळ.
गुळव्यानं काही न विचारता
उसाच्या कांड्यावर ऊन गूळ पुढं केला.
माझी साखर दोनशे चाळीस.
रावसो चिमणीच्या धुराकडं बघत राहिला
मी खाईपर्यंत.
चाळीस वर्षांच्या ओळखीत
त्यानं केलेला हा सर्वांत मोठा उपकार.

इंगळीनंतर बोलणं संपलं.
डाव्या टाचेला फोड.
व्हर्निअर धरून म्हातारा झालेल्या हाताला
न बघता माप कळतं:
अकरा मिलिमीटर, फार तर बारा.

मग नवस ओळखायला बसलो, म्हणजे चालता चालता.
भाच्याचं लग्न? झालं, आणि मोडलंही.
जमिनीचा निकाल? विरुद्ध गेला.
दाजींची दारू? सुटली,
महिन्याभरात दाजीही सुटले.
नवस फेडतात ते झालेल्या गोष्टीचा.
आणि तिच्या घरात इतक्या वर्षांत झालेलं
मला तर काहीच दिसत नव्हतं.
मी सख्खा भाऊ. दर रविवारी जातो.
चहा पितो, पेपर वाचतो, येतो.

इचलकरंजीत मागांचा खटखटाट रस्त्यावर आलेला.
एक माग अडखळत होता,
कुणीतरी तेल घालायला हवं होतं.
थांबलो असतो. रावसोनं दंड धरला.

शिरढोणला बांधावर एक बाई, डोक्यावर वैरण.
"कुठनं आलाईसा?"
"कोल्हापुरास्नं."
"चालत?"
भारा खाली टाकून तिनं कळशी वाकडी केली,
ओंजळीतनं कोपरापर्यंत गार पाणी.
"माझा बी एक नमस्कार घाला तितं."
नाव काय सांगू?
"नाव कशाला? पाणी दिलं म्हणा."

कुरुंदवाडच्या पुलावर ऊन कललं
आणि रावसो म्हणाला तसंच झालं:
सपाट रस्ता पुढच्या बाजूला झुकला,
पाय आपसूक पडायला लागले,
ते कुणाचे हे विचारायचीही गरज उरली नाही.

घाटावर फोडाला कृष्णेचं पाणी लागलं.
तोंडातून निघालं ते देवाचं नाव नव्हतं.

रांग. औदुंबर. ओल्या फरशीचा वास.
पादुकांसमोर उभा राहिलो
आणि लक्षात आलं की मजकूरच माहीत नाही.
"चला, पुढं चला," सेवेकरी म्हणाला.
म्हटलं, हौसाक्काचं काम झालंय.
काय ते तुम्हा दोघांना ठाऊक.
शिरढोणच्या एका बाईनं पाणी दिलं.
माझं काही नाही.

कवठाची बर्फी घेतली, पाव किलो, तिच्यासाठी.
रात्री एसटीत खिडकीशी बसून फोन लावला.
"पोचलास?"
"पोचलो."
"पाय?"
"बरे आहेत."
पलीकडून वॉकरचा आवाज,
टक, मग थोडं थांबून, टक.
एवढ्या रात्री कुठं निघालीस?
"दारापर्यंत," म्हणाली.
"तू येईस्तोवर पोचते."