हवेत आवळायचं नसतं

साखळीत आमच्या वळणावर, गटारावरचा स्लॅब ओलांडताना
गाडी डाव्या पायाने टक म्हणायची.
उजव्यानेही म्हणायची, पण ते मी मनावर घेतलं नव्हतं.
खाणीचे ट्रक थांबले, रस्त्यावर नवं डांबर आलं,
जुने खड्डे मात्र गाडीच्या सांध्यांत राहायला गेले.

कुंदा म्हणाली, आवाज वाढलाय.
मी म्हणालो, रेडिओ लाव.
असे दोन पावसाळे.

डिचोलीच्या गॅरेजवाल्याने साडेअकरा हजार सांगितले.
विचार करून कळवतो, म्हणालो.
पोस्टातला माणूस, कळवतोच म्हणणार.

रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून
लोअर आर्म, लिंक रॉड, बॉल जॉइंट ओळीने मांडले,
चवथीला माटोळीचं सामान मांडतात तसे.
चाकांचे नट आधी सैल केले, मग जॅक.
टेकू म्हणून चार चिरे रचले.

कुंपणापलीकडून मिनीन ओरडला,
"आरे, चिरो फुटता! मरपाक सोदता?"
आणि तीस वर्षं टिपर हाकलेला तो म्हातारा
फणसाचे दोन ओंडके खांद्यावर घेऊन
फाटकाकडे न जाता कुंपणातूनच आत आला.

नट निघाला, पण बॉल जॉइंटचा दांडा हलेना.
मी हातोडा मारतोय दांड्यावर, घाम डोळ्यांत,
कुंदा टॉर्च धरून, पण तिला बघायचंय तिथे.
"ताका न्हय रे," मिनीन म्हणाला, "ताच्या घराक मार."
नकलच्या अंगावर, बाजूने, तीन घाव.
चौथ्याची गरजच पडली नाही.
हातात आला तो पडायला झालेल्या दातासारखा
कुठल्याही दिशेला मान हलवत होता.
एवढ्यावर आपण चोर्ला घाट उतरलो होतो,
मागच्या सीटवर तिची आई, मांडीवर केळ्यांचा घड.
हे मी कुंदाला सांगितलं नाही.
बुशच्या रबराला भेगा बघून "टाचेसारखं झालंय" म्हणालो,
आणि वेळेवर "माझ्या" जोडलं.

नवे आर्म बसले. मी पाना लावला, जोर काढला,
तर मिनीनने मनगट धरलं.
हवेत आवळायचं नसतं, म्हणाला.
लोंबत्या पायावर बूश आवळलास
तर तो त्याच पिळात अडकतो,
गाडी खाली उतरली की पहिल्या दिवसापासून फाटत जातो.
तिचं वजन तिच्या पायांवर येऊ दे.

म्हणून चाकं चढवली, चाकांखाली जाड फळ्या घातल्या,
गाडी हळूच उतरवली त्यांच्यावर.
आता रोज असतात तेवढी माणसं आत हवीत.
माझ्या जागी मिनीन बसला.
कुंदा डावीकडे, पर्स मांडीवर घेऊन.
"पर्स कशाला?"
"रोज असते की."

मी पाठीवर सरकत खाली गेलो.
वर दोघं बोलत होती: सुंगटांचे भाव,
लिस्बनला त्याच्या लेकीने लावलेली तांबडी भाजी, उगवली पण पानं पांढरट.
कुंदा हसली तेव्हा स्प्रिंग किंचित दबली.
मी शेवटचा पाव फेरा दिला.

संध्याकाळी एकटाच हरवळ्यापर्यंत जाऊन आलो.
स्लॅबवर काही नाही.
दारात कुत्रं उठलं नाही.
कुंदा ओट्याशी दचकली, "कधी आलात?"
तवा गार होता.
इतकी वर्षं त्या टकवर ती भाकरीला हात घालायची,
हे मला आज कळलं, तिलाही बहुधा आजच.

स्टिअरिंग जरा डावीकडे ओढतंय.
अलाइनमेंट घरी होत नाही, त्यासाठी म्हापशाला जावं लागेल.
घरी होण्यासारखं होतं ते झालं.

सोमवारी पोस्टातून येताना स्लॅबपाशी काच खाली केली,
मागेपुढे कुणी नाही असं पाहिलं
आणि तोंडानेच,
जरा मोठ्याने,
टक म्हणालो.