आंतरराष्ट्रीय पाणी

अंबड रस्त्याला, सळयांच्या कारखान्यांचा धूर
विरळ होतो तिथं आमची शाळा लागते.
गेटवर एकवीस देशांचे झेंडे.
त्यातले दोन उन्हानं सारखेच पांढरे पडलेत,
वॉचमन गव्हाणेमामा त्यांना धुतलेले देश म्हणतात.

मी इथं मराठी शिकवते.
वेळापत्रकात माझं नाव थर्ड लँग्वेज,
आठवड्याला दोन तास,
रोबोटिक्स आणि घोडेस्वारी यांच्या फटीत.
घोडा एकच आहे, ड्यूक.
त्याला ‘थांब’ कळतं, ‘स्टॉप’ कळत नाही.
प्रिन्सिपल मॅडमना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत पोहण्याचे सर नाशिकला गेले,
मार्चमध्ये पाणीही गेलं.
माहितीपत्रकात तलाव निळाच राहिला.
वेळापत्रकातून तास काढता येईना, फी भरलेली;
म्हणून गुरुवारी सहावा तास, स्विमिंग थिअरी,
आणि मोकळी सापडलेली मी.

मला पोहता येत नाही.

आठवी ब शिडीनं खाली उतरली,
सात फूट खोल, निळ्या फरशांत.
तळाला एक फुटका गॉगल, लिंबाचा पाला,
जाळीपाशी वाळून कागद झालेला बेडूक.
ओळीनं पालथी पडली पोरं, हात मारू लागली.
आरिबनं तर श्वाससुद्धा धरला.

आमच्याकडे मराठी बोललं की खिशाला लाल बिल्ला.
दिवसभर तो फिरतो या खिशावरून त्या खिशावर,
शेवटच्या घंटेला ज्याच्याकडे, त्याचे दहा रुपये.
माझ्या तासाला तेवढी सूट.
तास संपला की जीभ पुन्हा गणवेशात.

त्याच आठवड्यात मॉडेल युनायटेड नेशन्स होतं.
उढाणांची धनश्री नॉर्वे झाली होती,
आरिब पठाण ब्राझील,
बोथरांची रेहा नकाराधिकारवाला कुठलासा बडा देश.
पप्पांचे टाय बेंबीच्या खाली लोंबत होते
आणि जगातले सगळे प्रश्न
जेवणाच्या सुट्टीआधी सुटत होते.

तर गुरुवारी, तळाशी, नॉर्वे उठून उभी राहिली.
पॉइंट ऑफ ऑर्डर, म्हणाली.
किनाऱ्यापासून बरंच आत गेलं
की समुद्र कुणाचाच नसतो,
तिथं कुठल्या देशाचा कायदा चालत नाही.
आपली शाळा इंटरनॅशनल.
म्हणजे हे आंतरराष्ट्रीय पाणी.

पाणी कुठंय, ब्राझीलनं विचारलं.

‘पाणी असलंच पाहिजे असं कुठं लिहेल नाही.’

रेहानं नकाराधिकार वापरला नाही.
एकोणतीस विरुद्ध शून्य.
बिल्ला जाळीतून आत सोडला, बेडकाच्या शेजारी.

आणि मग काय सुटलं एकेकाचं तोंड!
‘ए सरक ना, हात मोडू राहिला माझा.’
‘काल काऊन नाही आला रे?’
‘पप्पानं जेसीबी घेतला, नारळ फोडाया गेल्तो.’
‘मला ते रोबोटचं काहीच कळू नाही राहिलं,
घरी सांगू नको हां.’
आरिब त्याच्या घरच्या बोलीत म्हणाला,
मेरेकू पानी का भोत डर लगता मॅम,
ये सूखाच अच्छा है.

फरशांवर आपटून आवाज परत येत होता,
एकेक शब्द दोनदा.
सहा वर्षं शिकवतेय,
वर्गात माझ्या भाषेला असा प्रतिसाद कधी आला नाही.

मॅम, तुम्ही कोणता देश, रेहानं विचारलं.
पाठ केलेलं काहीच आठवेना.
परतूर, मी म्हटलं.
कुणी हसलं नाही.
धनश्रीनं वहीत नोंद केली:
परतूर, उपस्थित.

तेवढ्यात काठावरून मॅडमची सावली खाली पडली,
सँडलच्या आवाजाच्याही आधी.
एकोणतीस पोरं फटदिशी पालथी,
एकोणसाठावा, साठावा हात माझा:
पदर खोचून मीही पोट टेकलं निळ्या फरशीवर
आणि कापू लागले हवा.

‘व्हेरी गुड,’ वरून आवाज आला. ‘कीप ब्रीदिंग.’

फरशी तव्यासारखी तापलेली.
नॉर्वे माझ्या कानाशी कुजबुजली,
मॅम, पाय बी हलवा.