फळी क्रमांक चार हजार बारा

आमच्या गावात रस्त्याला नाव नाही, फळ्यांना नंबर आहेत.
दर दहावीवर पांढरा आकडा. सतरा हिवाळे मीच रंगवतोय,
गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन,
समोर अटलांटिक, करडा, तोंड फिरवून बसलेला.

आधी नुसती वाळू होती.
हॉटेलवाला बेसेट तिला वैतागला होता.
गिऱ्हाईक पाण्यातून यायचं आणि
गालिच्यावर, जिन्यावर, अंथरुणात, सूपच्या वाडग्यातसुद्धा
किनारा सांडून जायचं.
म्हणून त्यानं फळ्या टाकल्या, दोन माणसं जेमतेम जातील एवढ्या.
सप्टेंबर सरला की उचलून
कोठारात रचायचा, लग्न उरकल्यावर चटया रचाव्यात तशा.
मूळ एवढंच. पाय झाडायची जागा.
बाकीचं वैभव मागाहून आलं, गुळाला मुंगळे यावेत तसं:
आकाशपाळणा;
टॅफी ओढणारं यंत्र, दोन लोखंडी हात
दिवसभर गुलाबी वेणी घालणारे, मोडणारे, पुन्हा घालणारे;
काचेच्या पेटीतली भविष्यवाली बाई,
नाणं टाकलं की जी ज्याला त्याला सांगायची,
लांबचा प्रवास आहे.
आणि धक्क्याच्या टोकाला नाचघर.
वर बँड, खाली लाटा, दोघांचा ताल कधीच जुळला नाही.

माझ्या आईचे वडील, थॅडियस मिम्स,
वेताच्या खुर्च्या ढकलायचे. चाकाच्या खुर्च्या, दोघांना पुरणाऱ्या.
बसणाऱ्यांना समुद्र दिसायचा.
त्यांना टोप्या दिसायच्या.
चाळीस वर्षं ते समुद्राला समांतर चालले,
पण पोहायचं तर आमच्या लोकांनी
शेवटच्या धक्क्यापलीकडे जायचं, जिथे गावाचं गटार पाण्याला मिळतं.
तसा कायदा कुठेच लिहिलेला नव्हता.
लिहावा लागला नाही.
वेळ जावा म्हणून ते फळ्या मोजायचे.
अकरा हजार तीनशे चाळीस.
नगरपालिकेनं पुढे इंजिनिअर बोलावून मोजल्या, त्याला पैसे दिले,
तोच आकडा आला.

मग मार्चमधलं ते वादळ.
पाच भरत्या, मध्ये ओहोटी म्हणून नाहीच.
नाचघर पियानोसकट गेलं.
फळ्या गावात शिरल्या, गल्लीगल्लीतून, नावेसारख्या,
आणि पाणी उतरल्यावर लोकांनी त्या ठेवून घेतल्या.
कोंबड्यांचं खुराडं. ओसरीची पायरी. एका घरी पाळणा.
काही परत आल्या, काही आल्या नाहीत.
कुणी विचारलं नाही.

आता नव्या फळ्या येतात, प्लॅस्टिकच्या,
लाकडाचा रंग, लाकडाच्या रेघासुद्धा छापलेल्या.
कुजत नाहीत, कुरकुरत नाहीत, हमी शंभर वर्षं.
मी एका टोकाकडून निघालोय.
कालपर्यंत चार हजार अकरा.

आज सकाळी झिस्वावा व्रोना समोर उभी,
टॅफीवाली, नव्वदीला टेकलेली, डोळ्यांत दूध उतरलेलं.
काठी टेकवून म्हणाली, ही नको काढूस.
ही कुर्र करते, मग मी डावीकडे वळते.
मी म्हटलं, बाई, दुकानासमोर कठडा लावून देतो.
ती म्हणाली, कठडा बोलतो का?

ती गेल्यावर काढली मी फळी. हुकूम तो हुकूम.
खाली वाळूत नाणी, केसांचा आकडा, एक चिमुकला दात,
आणि फळीची पालथी बाजू निळी,
कुणाच्या तरी ओसरीचा रंग,
त्यावर पाय पुसून पुसून पडलेला खळगा.

किती वेळ बसलो होतो कोण जाणे.
मागून एक पोरगं आईला विचारत होतं,
त्या काकांना काय सापडलं?

पुन्हा बसवली. निळी बाजू खालीच.
तीन स्क्रू घट्ट, चौथा पाऊण फेरा.
पाय देऊन पाहिलं. कुर्र.
मग वहीत लिहिलं: चार हजार बारा, बदलली.
हमी शंभर वर्षं.