तारण

वहीत मी लिहिलं : तायव्वा माळी, तीस हजार,
कारण : मिरची कांडप मशीन.
खाली नऊ सह्या. त्यातले दोन अंगठे.

बँकेच्या साहेबानं विचारलं, "तारण काय?"
"ह्या काय," म्हणाली तायव्वा,
आणि आमच्याकडं हात केला,
बाजारात म्हशी दाखवाव्यात तसा.
आम्ही हसलो. साहेब हसला नाही,
पण शिक्का मारला.

ताडपत्रीखालून मशीन डफळापुरात उतरलं,
पहिल्या दिवशी अख्खी गल्ली शिंकली.
पोरं डोळे चोळत शाळेला गेली.
"घरात माणूस राहील का आता?" सासू कावली.
तिलाच मग उंबऱ्यात बसवली देठं खुडायला,
किलोला दोन रुपये.
आता म्हातारी पैसे मोजून घेते,
सुट्टे नसले तर भांडते.

पावसाळ्यात कोण कांडतंय मिरची?
दोन हप्ते चुकले.
आम्ही भरले.
कुणी अंडी विकून, कुणी मुकाट,
कुणी बोलून दाखवून.
मी बोलून दाखवलं.
वहीत तसं लिहिलेलं नाही.

फाल्गुनात तिनं सगळं चुकतं केलं.
नोटा लालसर, मोजता मोजता
मलाच शिंक आली, डोळ्यांत पाणी.
"व्याज राहिलंय," म्हणाली
आणि पुढ्यात ठेवली बरणी,
कांदा-लसणाची चटणी, वर तेलाचा तवंग.
"व्याज तर भरलंस की."
"त्ये बँकेचं. ह्ये तवा बोललीस त्याचं."

चटणी कालच संपली.
बरणी अजून धुतली नाही.