पिवळा डबा

ठेकेदाराने तीन डबे दिले होते.
निळा चालणाऱ्यांसाठी,
हिरवा सायकलींना,
पिवळा घोड्यांना.
सोबत एक नकाशा, सांगलीत बसून काढलेला,
त्यात भिलवडीपासची आमची कृष्णा
इस्त्री फिरवल्यासारखी सरळ.

मी पाट्या रंगवणारा माणूस.
‘द्राक्षाचे खोके मिळतील’,
‘नांगराचे फाळ धार लावून’,
आजवर लिहिलं ते एवढंच.
बाणाला काय लागतं?
काना नाही, मात्रा नाही.
दिशा तेवढी कळली पाहिजे.

निळी वाट नेमगोंडाने दाखवली.
तीस वर्षं पाटकरी,
खांद्यावर खोरं, हातात बॅटरी,
कालव्याच्या भरावावरून रात्रीच्या फेऱ्या.
कुठं कड खचते,
कुठल्या दगडावर घोणस उन्हाला येते,
कोण चोरून दार उचलतो,
सांगत सांगत तो पुढं, मी मागं.
प्रत्येक मोरीवर मी बाण काढला.
शेवटच्या मोरीवर म्हणाला,
‘रंग कशाला घालवतोस?
पाणी जातंय तिकडंच जायचं की.’

हिरव्याला वैजू आली.
आठवीतली. सायकल शाळेकडून मिळालेली,
घंटी मोडलेली,
म्हणून वळणावर तोंडानेच ट्रिंग म्हणते.
ऊस नुकताच तुटला होता,
सहा गावं एका नजरेत मावत होती
आणि माझे दगड लांबून झळकत होते.
ती एका पायावर टेकून बघत राहिली.
‘काका, श्रावणात या.
ऊस डोक्याच्या वर,
तुमचा दगड पाचटाच्या पोटात.’
मग तू कशी जातेस?
‘कोंबड्यांची शेड नाकात आली की डावीकडं,
गिरणीचा पट्टा कानात आला की घर.’

असले रंग दुकानात ठेवत नाहीत.

राहिला पिवळा.
पंचक्रोशीत घोडी एकच,
दस्तगीर मुलाण्याची मोगरी,
वरातीची.
पौषात लग्नं नसतात, तेव्हा रिकामी.
नकाशा म्हणत होता,
कमानीपासून घाटापर्यंत सव्वा तास.
ठेकेदार स्वतः बसले, घड्याळ सुरू केलं.
मोगरी निघाली ती
पाठीवर नवरदेव असल्यासारखी:
चार पावलं, थांबा,
मानेला झटका,
पुन्हा चार.

पहिल्या गावात मारुतीपुढं उभीच राहिली.
टाच मारली, लगाम ओढला,
मोगरी देवळाकडं बघतेय.
‘उतरा साहेब,’ दस्तगीर म्हणाला,
‘पाया पडल्याबिगर ती हलायची न्हाई.
तिच्या हिशेबात तुमचं लगीन हाय.’
साहेबांनी बूट काढले.
दुसऱ्या गावात पुन्हा.
तिसऱ्या गावात त्यांनी बूट घातलेच नाहीत,
लेस एकमेकांना बांधून
खोगिराला अडकवले.

चौथ्या गावाच्या शिवेत शाळा.
सव्वीस जानेवारीचा सराव चालला होता,
दोन ढोल, एक ताशा,
आणि बेसूर पण मन लावून वाजणारी बासरी.
मोगरीचे कान उभे राहिले.
नकाशा तिथं उजवीकडं वळत होता.
ती डावीकडून थेट मैदानात,
पुढचे पाय उचलून, घुंगरू नसताना,
गोल, गोल, गोल,
साहेब आयाळीला मिठी मारून,
पोरं टाळ्या वाजवत,
गुरुजी शिट्टी फुंकत,
मग शिट्टीसुद्धा ठेक्यात.

घाटावर पोचलो तेव्हा
दिवस कललेला.
किती वेळ लागला
कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन
मी टापांच्या मागोमाग गेलो.
मारुतीपुढं एकेक ठिपका दिला.
शाळेच्या भिंतीपाशी बराच वेळ थांबलो,
ब्रशवरचा रंग वाळत आला,
बाणाचं टोक कुठं करावं कळेना.
शेवटी एक गोल काढला,
हाताएवढा, पिवळाधमक.

बिलात लिहिलं:
बाण एकशे बारा,
ठिपके तीन,
गोल एक.
गोलाचे पैसे कापले.